मापात पाप

शाळेत बाईंनी विचारलं, वडील काय करतात? मी ऐटीत सांगितलं, "फुटबॉल बनवतात." दुसऱ्या दिवशी चार पोरं दारात हजर. बाबांनी त्यांच्या हातात दोन किलोचं पितळी धूड ठेवलं आणि ते कसं चालतं हे पाऊण तास समजावून सांगितलं. त्यानंतर आमच्याकडे खेळायला फारसं कोणी आलं नाही.

खरा शब्द फूटव्हॉल्व्ह. पण कारखान्यापासून विहिरीपर्यंत सगळे त्याला फुटबॉलच म्हणतात, आणि बाबांना फुटबॉलकाका. पंप वर असतो, पाणी खाली. पाण्यात सोडलेल्या पाइपच्या तळाशी ही वस्तू बसते. आत एक झडप, ती फक्त वरच्या बाजूला उघडते. पंप बंद केला की तिनं आपल्या बैठकीवर घट्ट बसायचं आणि पाइपातलं पाणी धरून ठेवायचं, एवढंच तिचं काम. तिनं पाणी सोडलं की पंप नुसता घरघरतो. वरून ओतून पाइप भरावा तेव्हा कुठे तो पाणी उचलतो. बाबा जन्मभर या झडपेच्या मागे लागले होते. जड केली तर पंपाला उघडेना, हलकी केली तर नीट बसेना, आणि दोन्ही जमलं की वाळूचा एखादा कण मध्ये येऊन सगळ्यावर पाणी फिरवायचा.

कारखान्यातल्या टाकीत पाणी स्वच्छ. म्हणून प्रत्येक नवा नमुना खऱ्या परीक्षेला आमच्या परसातल्या विहिरीत यायचा, आणि परीक्षक आई. बाबा सकाळच्या पाळीला निघून जायचे. नऊ वाजता आई पंपावरचं बूच काढायची आणि लिटरच्या मापानं पाणी ओतायची. काठोकाठ भरायला किती मापं लागली ते संध्याकाळी त्यांना सांगायची. आमचा पाइप आणि पंप मिळून आठ मापं मावत. आठ म्हणजे रात्रीत सगळं पाणी गेलं. शून्य म्हणजे बाबा जिंकले. माप तिच्या हाती देताना ते म्हणाले होते, "हे बघ, मापात पाप नको."

बिचारी सुरुवातीला खरं सांगायची. "आज सात." बाबा चिडायचे नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, आईनं दोन शब्द सुनावले तरी असते. ते ताट बाजूला सारायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. एकदा असे चार दिवस गेले. घरात तीन माणसं आणि आवाज फक्त माझ्या पाढ्यांचा.

मग तिरकी बैठक आली. बैठकीला उतार दिला की वाळू तिथं टिकणारच नाही, घसरून जाईल, ही बाबांची कल्पना. पहिल्याच संध्याकाळी आई म्हणाली, "आज दोनच." बाबा त्या दिवशी दोनदा मागून घेऊन जेवले. सुट्टी असल्यानं सकाळी पायरीवर बसून मी मोजली होती. आठ. मी तोंड उघडणार तोच आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मूग गिळून गप्प बसले. रविवारी बाबा घरी असायचे; तेव्हा ते उठायच्या आत ती सहा मापं ओतून मोकळी व्हायची आणि उरलेली दोन त्यांच्या हातून ओतवून घ्यायची.

त्या आकड्यांच्या भरवशावर कारखान्यानं तिरकी बैठक बाजारात आणली. वर्षभरात पोती भरभरून माल परत आला. बाबा म्हणत राहिले, लोकांना बसवता येत नाही, पाइप वाकडा सोडतात. फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." नमुन्यांच्या टेबलावरून उठवून बाबांना पॅकिंगला बसवलं. नोकरीची शेवटची अकरा वर्षं त्यांनी खोकी बांधली. पंपाकडे ते पुन्हा फिरकले नाहीत, पण आमच्या विहिरीतला तिरका फुटबॉल काढायचा नाही, हा त्यांचा हट्ट. आई रोज गुपचूप आठ मापं ओतत राहिली आणि दोनच सांगत राहिली. मला तिचा फार राग यायचा.

गेल्या वर्षी आई गेली. पोटाचं दुखणं, कळलं तेव्हा हाताबाहेर गेलेलं. बाबा रोज विचारायचे आणि ती रोज म्हणायची, "थोडंसं दुखतंय. या वयात दुखायचंच."

मी दुसऱ्या गावी राहते. बाबांना "चला माझ्याकडे" म्हटलं, तर म्हणाले, "विहीर कोण बघेल?" जणू विहीर पळून जाणार होती. महिन्यातून एकदा जायचे तेव्हा दिसायचं: मोरीत एकच कप, दाराशी आईची चप्पल जशीच्या तशी, आणि रेडिओ चालू पण ऐकणारं कोणी नाही. फोनवर मात्र "मजेत आहे." त्या घरातून परत निघताना मला दर वेळी रडू यायचं.

मग एक दिवस त्यांचाच फोन. "पंप पाणी धरत नाहीये. इतके दिवस बघतोय, रोज आठ मापं लागतात. ती गेली आणि लगेच हाही बिघडला." त्यांनी एकट्यानं पाइप वर ओढून फुटबॉल खोलला होता. झडप स्वच्छ, बैठक गुळगुळीत, झीज कुठेच नाही. पुन्हा सोडला, पुन्हा आठ. त्र्याहत्तराव्या वर्षी महिन्याभरात तीनदा त्यांनी तो पाइप वर काढला. तिसऱ्या वेळी शेजारणीनं मला फोन केला: काकांचा पाय काठावरून सटकला होता, कठडा हाताला लागला म्हणून वाचले. मी होते तशी निघाले.

बाबा विहिरीजवळ बसले होते, मांडीवर फुटबॉल. "असा अचानक कसा बिघडेल?" त्यांनी मला बस म्हणायच्या आधी विचारलं. "पंचवीस वर्षं दोन मापांवर होता. काहीतरी माझ्या नजरेतून सुटतंय. उद्या पुन्हा काढतो."

वाटेत मी ठरवलं होतं. सांगितलं नाही, तर पहिल्या दिवसापासून असलेला दोष शोधत हा माणूस एक दिवस विहिरीत पडेल.

"बाबा, तो आत्ता नाही बिघडला. आई दोन सांगायची. ओतायची आठ."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी अंगठ्यानं झडप उचलली आणि सोडली. "म्हणजे फोरमनचं बरोबर होतं," ते म्हणाले. मग, "मला सांगायचं ना. मी काय रागावलो असतो?"

"रागावला नसता. जेवला नसता."

त्यांनी फुटबॉल मांडीवरून खाली ठेवला. मला वाटलं, सुटले. आता हे पाइपला हात लावणार नाहीत. तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"आणि पोटाचं? थोडंसं दुखतंय म्हणायची, ते?"

शेवटचे सहा महिने बाबा फिरायला गेले की आई मला फोन करायची आणि नुसती कण्हायची. बोलायचीही नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, बाबांना कळू दिलंस तर माझी शपथ आहे.

"ते खरं होतं, बाबा," मी म्हणाले. "तेवढं खरं सांगायची."

बाबा माझ्याकडे बघत राहिले.

"अगदी आईवर गेलीस," ते म्हणाले.