बाटल्यांची रांग

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात माणसांची रांग नसायची, बाटल्यांची असायची. औषध न्यायला बाटली घरूनच आणायची. आल्या आल्या ती व्हरांड्याच्या कडेला, शेवटच्या बाटलीमागं ठेवायची आणि मिळेल त्या सावलीत बसायचं. शिपाई सगळ्यात पुढची बाटली उचलायचा आणि विचारायचा, ही कुणाची? मग ज्याची त्यानं उठून आत जायचं. बाटलीचं बरं असतं, तिच्या मांडीवर पोर नसतं.

लढाईची वर्षं होती. आमचे हे पलटणीत, कुठं समुद्रापलीकडं. थोरला मुलगा दीड महिन्याचा होता आणि मला उजवीकडं, दुधाच्या जागी, गळू धरलं होतं. दगडासारखं टणक. पोराचा हात लागला तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची. डावीकडचं दूधही आटत चाललेलं. पोर ओढायचं, सोडायचं आणि किंचाळायचं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, जवसाची पोटिसं बांधून पाहिली आणि शेवटी हात टेकले. दवाखान्यात न्यायचं ठरलं. आत्याबाईंचे गुडघे धरलेले, तेव्हा नेणार कोण, तर मामंजी, माझे सासरे. आता सासऱ्यांना असलं दुखणं सांगायचं कुणी? आत्याबाईंनी त्यांना एवढंच सांगितलं की पोरीला ताप हाय. मी चुलीपाशी डोळे मोठे केले, तर मला म्हणाल्या, डागदर नाडी धरतो, त्याला सगळं कळतं. आमच्या गावच्या वैद्याला नाडीवरून कळायचं म्हणत. त्याच्यापुढं दुखणं तोंडानं सांगणं म्हणजे त्याचा अपमानच. तेव्हा मीही तेच धरून चालले.

आणि सांगणार तरी कशी? लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण मामंजींनी माझा आवाज ऐकला नव्हता. ताट वाढायचं ते पदराआडून, हवं-नको ते मानेनं. सून कशी असावी तर अशी, म्हणून भावकीत माझं कौतुक व्हायचं. कौतुक करणाऱ्याचं काय जातंय!

व्हरांड्यात मी भिंतीकडं तोंड करून बसले आणि मामंजी समोरच्या खांबाला टेकले, राखण केल्यागत. माणूस भला. परक्या गावात सून एकटी नको म्हणून जागचे हलेनात. पण ते हलेनात म्हणून मला पोराला पाजायला घेता येईना. उठून लांब जावं, तर तेवढ्यात आपली बाटली उचलली गेली म्हणजे? पदराखाली घामाच्या धारा लागलेल्या, मांडीवर पोराचा आकांत, इकडं भिंत आणि तिकडं सासरा. पिंजऱ्यातल्या पोपटाला निदान बोलता तरी येतं. ऊन पायऱ्या चढून आत आलं, तरी आमची बाटली मधेच होती.

एकदाची उचलली. डॉक्टर तरुण होता, शहराकडचा. त्यानं मला विचारलं, काय होतंय? मी मान खाली घातली. मामंजींनी सांगितलं, ताप येतो. थंडी वाजते का? वाजती की, मामंजी म्हणाले. जेवण जातं का? मामंजींनी तेही सांगितलं. अंग माझं, दुखणं माझं आणि उत्तरं सगळी त्यांची! मग डॉक्टरनं नाडी धरली. मी श्वास रोखला. आता कळंल, आता कळंल. त्यानं हात सोडला, हिवताप आहे म्हणाला आणि शिपायाला पुढची बाटली उचलायला सांगितलं.

कंपाउंडरनं आमची बाटली कडूजहर औषधानं भरून दिली. मामंजी खूश. डॉक्टरनं किती आपुलकीनं इचारलं, असा दवाखाना कुठं न्हाई, असं वाटेत भेटेल त्याला सांगत ते बैल जुंपायला गेले. समाधान झालं ते त्यांचं झालं.

मी पायरीवर बसले. पोराचा घसा बसला होता, रडू नुसतं तोंडावर दिसत होतं. शेजारी माणदेशाकडची एक धनगरीण आपलं बाळ घेऊन बसली होती. तिनं आपलं बाळ खाली घोंगड्यावर ठेवलं, माझं पोर उचललं आणि पदराखाली घेतलं. तुटून पडलं ते. घटाघटा गिळताना मला ऐकू येत होतं. बरं वाटायला पाहिजे होतं, पण मला रडू कोसळलं आणि त्याच्या मागोमाग संताप आला. आज ही बाई भेटली. उद्या घरी याला कोण पाजणार? हिवतापाचं औषध पिऊन मी काय याला जगवणार होते?

मी बूच काढलं आणि सगळं औषध पायरीखाली मातीत ओतलं. रिकामी बाटली नेऊन रांगेच्या शेवटी ठेवली.

मामंजी गाडी घेऊन आले ते बघतच राहिले. "अगं, काय केलंस हे?" त्यांनी विचारलं. मी काही बोलेन असं त्यांनाही वाटलं नसणार.

"मामंजी, नुसता ताप न्हाई," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "छातीला गळू झालंय. पोराला दूध न्हाई."

मामंजींनी धनगरणीच्या पदराखालचे नातवाचे पाय पाहिले आणि मान फिरवली. मला वाटलं, आता गाडीत बस म्हणतील आणि घरी गेल्यावर माझी धडगत नाही. त्यांनी पटका सारखा केला, रांगेतली आमची बाटली उचलली आणि सरळ दाराशी गेले. शिपाई आडवा आला. मामंजी त्याला म्हणाले, "मगाशी मी सांगितलं ते चुकलं. आता तिचं ती सांगंल." शिपाई बाजूला झाला.

मी आत गेले, मामंजी बाहेर थांबले. डॉक्टरनं नर्सबाईंना बोलावून पडदा ओढला आणि गळू कापलं. मी अशी ओरडले की जुंपलेले बैल बुजले म्हणे. ती बाजू पुढं कायमची आटली. पण ठणका गेला तसं डावीकडं दूध उतरलं आणि त्यावर पोर वाढलं.

परतताना औंधच्या डोंगरावरचं यमाईचं देऊळ दिसायला लागलं, तोवर माझा पदर पुन्हा नाकापर्यंत आला होता. पोर झोपलं होतं. मामंजी गाडी हाकत होते. मागं न बघताच त्यांनी विचारलं, दुखतंय का अजून? मी सवयीनं मान हलवली.

त्यांनी कासरा ओढून बैलांची चाल जरा कमी केली.

"मान हलवली असशील तर मला हितनं दिसत न्हाई," ते म्हणाले. "तोंडानं सांग."

"लय दुखतंय," मी म्हणाले.