बेटावरचे पाच जण आणि आमच्या जाऊबाई

माझ्या जाऊबाई कबड्डीत चढाईला निघाल्या की समोरच्या बाया आधीच मागे सरकतात. तालुक्याच्या महिला स्पर्धेत दोनदा ढाल आली ती त्यांच्याच जोरावर. पण आमचं गाव पडलं चिमूटभर. खेळणाऱ्या सात जणी भरत नाहीत, म्हणून आम्हाला शेजारच्या मोठ्या गावाच्या संघात टाकायचे. नाव त्यांचं, ढाल त्यांच्या ग्रामपंचायतीत, आणि फुटलेले गुडघे तेवढे आमचे.

एकदा दुपारी गहू निवडता निवडता आम्ही मोबाइलवर मोठ्या आंतरराष्ट्रीय खेळांचं संचलन पाहत होतो. मोठमोठ्या देशांचे जथेच्या जथे चालले होते. मध्येच एका बेटावरच्या देशाचं नाव पुकारलं आणि आले किती, तर पाच जण. फुलाफुलांचे सदरे, गळ्यात माळा, पुढे निशाण घेतलेली एक धिप्पाड बाई. मी म्हटलं, यांची अख्खी वरात एका ऑटोत मावेल. जाऊबाई हसल्या नाहीत. त्या पाचांनी मात्र नाचत, हात हलवत अशी ऐटीत चक्कर मारली, जणू सगळं मैदान त्यांचं सासर-माहेर. माझी थट्टा तिथेच जिरली.

मग आठवडाभर आम्ही त्यांनाच हुडकत होतो. ती धिप्पाड बाई वजन उचलणारी निघाली. दोनदा तिच्या हातून वजन पडलं. तिसऱ्यांदा तिने ते डोक्यावर नेलं आणि थरथरत धरून ठेवलं. नंबर आला खालून दुसरा, पण उरलेल्या चौघांनी तिला मिठीच मारली. माझे डोळे भरून आले. जाऊबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "पाय वं, कोनाच्या मांग नाई उभे राह्यले. आपलं निशाण, आपलं नाव."

त्या वर्षी त्या मला घेऊन तालुक्याच्या गावी, महागावला गेल्या, स्पर्धा भरवणाऱ्या मॅडमकडे. आमच्या गावाचा, आम्हा पाच जणींचा, वेगळा संघ घ्या म्हणाल्या. मॅडमनी प्रेमाने समजावलं की पाच जणी नियमात बसतात, पण सातांपुढे टिकणार कशा? मोठ्या गावाकडून खेळलात तर ढाल हातचीच आहे.

"मॅडम, त्यायच्या नावानं आमी दोनदा जितलो," जाऊबाई म्हणाल्या. "आता एकदा आमच्या नावानं हारू द्या."

नेमका पहिलाच सामना त्याच मोठ्या गावाशी लागला. जाऊबाईंनी जिवाचं रान केलं. एका चढाईत तिघींना घेऊन आल्या, तेव्हा बघ्यांनी शिट्ट्या वाजवल्या. पण पाचातली एक बाद झाली की अर्धं मैदान उघडं पडायचं. दोनदा आम्ही सगळ्याच बाद झालो, दोन लोण चढले आणि आम्ही सपाटून हरलो.

भोंग्यावरच्या माणसाने जिंकलेल्या गावाचं नाव घेतलं आणि लगेच पुढच्या संघांना बोलावलं. जाऊबाई उठल्या, तशाच धुळीने माखलेल्या, कोपर सोललेलं. मला वाटलं, आता पंचांशी भांडतात. पण त्या थेट भोंग्यावाल्यापाशी गेल्या आणि हरलेल्यांचंही नाव घ्या म्हणाल्या. तो म्हणाला, बाई, हरल्याचं कोणी सांगतं का? त्या तिथेच उभ्या राहिल्या.

शेवटी त्याने माइक पुन्हा तोंडाशी धरला. "पराभूत संघ," म्हणाला, आणि आमच्या गावाचं नाव घेतलं, तालुक्या-जिल्ह्यासकट. लग्न होऊन आल्यापासून ते नाव मी भोंग्यावर पहिल्यांदाच ऐकलं. आम्ही उरलेल्या चौघी उठून टाळ्या वाजवू लागलो.