ठकठकराव

आमच्या बाबांना गल्लीत सगळे ठकठकराव म्हणत. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी भिंतीवर बोटांनी ठकठक, मग मान वर करून छताकडे बघणं, मग दारं मोजणं. छत्तीस वर्षं आगीच्या बंबावर काढलेला माणूस घरांकडे आणखी कुठल्या नजरेनं बघणार? पण मला मेली लाज वाटायची. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरचं घर बघून आल्यावर त्यांनी मत दिलं, "माणसं चांगली आहेत, जिना लाकडी आहे." बस्स, एवढंच.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या पायाला भिंगरीच लागली. नवं बांधकाम दिसलं की हे तिथे हजर. घरी येऊन आम्हाला सांगायचे, लाकडाची जाड तुळई बाहेरून कोळसा होते पण आतून बराच वेळ शाबूत राहते, आणि पडायच्या आधी करकरते. काँक्रीट तासन्‌तास उभं राहतं, धूर मात्र कोंडून धरतं. लोखंडाचा विषय निघाला की उठून फेऱ्या मारायला लागायचे. का, ते कधी सांगितलं नाही.

पुढे मी शिवणकामाचा कारखाना काढला. बारा बायका, बारा मशीनं. जागा मिळाली ती पत्र्याची शेड. वर पत्रा पेलणाऱ्या बारीक लोखंडी कैच्या, त्या झाकायला खाली पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग. बाबा आले, शिडीवर चढून एक तक्ता सरकवला, आत डोकं घातलं आणि घामाघूम होऊन खाली उतरले.

दुसऱ्या दिवसापासून रोज दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. बसतात कसले! दर दहा मिनिटांनी उठून आत. हा गठ्ठा वाटेतून हलव, ती इस्त्री बंद कर. बायकांकडून एकच धडा घोकून घेतला: शिट्टी वाजली की उठायचं, पर्सला हात लावायचा नाही, परत आत यायचं नाही. बायका खुसुखुसु हसायच्या. माझ्या मात्र नाकीनऊ आले होते. एकदा तोडून बोललेच, तुमच्या भीतीपायी माझ्या धंद्याचं वाटोळं होणार आहे. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा दाराशी.

त्या दुपारी सीलिंगच्या वर वायरीनं पेट घेतला. आधी नुसता करपट वास, मग कडेकडेनं काळा धूर. शिट्टी वाजली आणि मिनिटाभरात बाराही जणी रस्त्यापलीकडे होत्या, रिकाम्या हातांनी. सगळ्यात जास्त हसणारी सगळ्यात पुढे. बाबांनी शेजाऱ्याला बंबासाठी फोन करायला लावला.

मला मात्र बाहेर आल्यावर आठवलं, एका शाळेचे तीनशे गणवेश आत घड्या घालून ठेवलेत, उद्या द्यायचेत. तीन आठवड्यांची मेहनत होती. मी वळून बघितलं. छत सरळ, भिंती जागच्या जागी, कुठे साधी कुरकुरसुद्धा नाही. मी निघाले तोच बाबांनी माझं मनगट धरलं.

"सोडा बाबा. अजून काही आवाजसुद्धा नाही. दोन मिनिटांत येते."

"मीही हेच म्हणालो होतो," बाबा म्हणाले.

मग रस्त्यावरच, शेडवरची नजर न काढता, त्यांनी भराभर सांगितलं. नोकरीची पहिली पंधरा वर्षं जुन्या लाकडी इमारतींत गेली. तुळई करकरली की माणसं बाहेर काढायची, असा कान तयार झालेला. मग एक गोदाम आलं, लोखंडी कैच्यांचं. बाबांनी कान लावला, काही ऐकू आलं नाही. जोडीदाराला म्हणाले, जा, अजून दोन मिनिटं आहेत.

"लाकूड सांगून पडतं गं. लोखंड सांगत नाही. मी बाहेर ऐकत उभा राहिलो."

त्यांचं बोलणं संपतंय तोवर शेडचं छत मधोमध खाली वाकलं, आणि गणवेश होते तिथेच सगळा पत्रा येऊन बसला. पडल्यावर काय तो आवाज झाला.

बाबा तिकडे बघतसुद्धा नव्हते. माझं मनगट तसंच धरून ते पलीकडच्या बायका मोजत होते. बारापर्यंत मोजलं, माझ्याकडे बघून तेरा म्हणाले, आणि तिथेच फुटपाथवर बसून लहान मुलासारखे रडले.