बंब आलाच आहे, तर…

अग्निशमन दलात आगी कमी आणि किस्से जास्त, हे भरतीच्या वेळी कुणी सांगत नाही. आग विझवली की विझते. किस्सा मात्र चहाच्या प्रत्येक फेरीला थोडा वाढतो, आणि नाशिकच्या आमच्या स्टेशनात चहाला काही तोटा नाही! मी मीठमसाला लावतो असं आमचा ड्रायव्हर सोपान म्हणतो. तो स्वतः फोडणी देतो, ते सांगत नाही.

*

एक काकू कचरा ठेवायला दाराबाहेर आल्या आणि वाऱ्याने दार बंद. किल्ली आत, गॅसवर दूधही आत! शिडी लावून मी त्यांच्या बाल्कनीत उतरलो, तर खालून काकूंची किंकाळी, "अहो, आधी बूट काढा! आत्ताच फरशी पुसलीय!"

काढायला लागलो. एक गमबूट निघेना, तोवर बाल्कनीत बसून दूध वर येताना बघत होतो.

*

संक्रांतीला कडुलिंबाच्या शेंड्यावर मांजात एक घार अडकली. खाली ही गर्दी! घार सोडवून, कापडात गुंडाळून उतरतोय, तेवढ्यात एक भरघोस मिशांचे गृहस्थ म्हणाले, "साहेब, बंब आलाच आहे, तर तो लाल पतंगही काढून द्या की. माझाच आहे."

*

एका सोसायटीत मॉक ड्रिल होतं. आमचे साहेब कर्ण्यावरून ओरडतायत, "पाचव्या मजल्यावर आग लागली आहे, सगळ्यांनी खाली या!"

दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून एक आजोबा डोकावले. "मग पाचव्यावाल्यांना बोलवा ना! आमचं जेवण चाललंय."

*

निफाडकडून फोन आला, म्हैस विहिरीत पडलीय.

"जिवंत आहे का दादा?"

"जित्ती हाय. पर लय रागात हाय."

पट्टे बांधून वर काढली. पाय जमिनीला लागताच ती थेट आमच्या साहेबांच्या मागे! साहेबांना कधी शिडी चढताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते बंबाच्या टपावर होते, आणि शिडी लावायची राहिलीच होती.

*

गोदावरीला, म्हणजे आमच्या गंगेला, पूर आला की लोक आम्हाला फोन करतात. वाचवायला नव्हे, पात्रातल्या मूर्तीवरून पुराची उंची विचारायला. "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं हो पाणी?"

"कमरेपर्यंत. आणि बघायला येऊ नका, काठावर धोका आहे!"

"कमरेपर्यंतच ना? मग जेवून निघतो."

*

आता लग्नाचं ऐका. एका मंगल कार्यालयात नवरदेव लिफ्टमध्ये अडकला. मुलगा फौजेत, रजा संपलेली, दुपारी नाशिक रोडहून गाडी. पुढचा मुहूर्त थेट संध्याकाळी. म्हणजे हा मुहूर्त टळला, तर लग्न पुढच्या रजेवर! मुलीचे वडील माझा हात सोडेनात. "काहीही करा, पण सावधान व्हायच्या आत काढा."

नियमाप्रमाणे आधी मेन स्विच बंद केला. सोपानने गच्चीवर जाऊन चाक फिरवत लिफ्ट हाताने तळमजल्यावर आणली. तोवर वेळ जाऊ नये म्हणून गुरुजींनी लिफ्टसमोरच मंगलाष्टकं सुरू केली होती. नवरी हार घेऊन उभी, वऱ्हाड जिन्यात अक्षता घेऊन. मी दाराला हात घातला, तर गुरुजींनी डोळे वटारले. "थांबा! हे दार म्हणजेच आता अंतरपाट. शेवटीच उघडायचं."

आतून आवाज आला, "अहो, गुदमरतोय मी!"

"थोडंच राहिलंय," गुरुजी म्हणाले.

पण थोडं कसलं! प्रत्येक आत्याने, मावशीने स्वतः मंगलाष्टक रचून आणलेलं. एकीने आजोळची सगळी नावं त्यात बसवली, दुसरीने सासरची. थोरल्या आत्याबाईंची पाळी आली, तेव्हा त्या रुसल्या. "माईक बंद आहे. मी अशी म्हणणार नाही."

त्यांचे यजमान आयुष्यभर आज्ञेतले. गुपचूप गेले आणि त्यांनी मेन स्विच चालू केला.

माईक लागला. लिफ्टही लागली! चौथ्या मजल्यावरच्या आचाऱ्याने बासुंदी खाली पाठवायला केव्हाचं बटण दाबून धरलेलं. नवरदेव निघाला वर.

आत्याबाईंनी सूर लावला होता, पण मुहूर्ताचं मिनिट भरलं. गुरुजींनी त्यांच्या हातातला माईक ओढला आणि सुरुवात करून टाकली, "शुभ मंगल साऽऽऽऽ…"

नवरीने एकदा लिफ्टकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे. "गुरुजी, तोडू नका हं!" म्हणाली, शालूचा पदर खोचला, हार खांद्यावर टाकला आणि जिना धरला. मागे मामा, त्यांच्यामागे फोटोग्राफर, शेवटी मी. खालून माईकवर अखंड "साऽऽऽऽ…"

चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि हार गळ्यात पडला. नवरदेव धापा टाकत होता. नवरी नाही.

मी कठड्यावरून वाकून ओरडलो, "पडला हार!"

खालून, जेमतेम उरलेल्या आवाजात, "…वधान!"