अंजनाने वगळलेला तारा

"आबा, बायनामावशीनं दुधात पाणी घातलं न्हाई!"

"मग काय माझ्या लॅक्टोमीटरनं घातलं? दाटपणाची डिग्री लागंना, नाव कापलं. संपलं."

"तीन महिने म्हशीच्या तोंडाला हिरवी काडी न्हाई. उपाशी जनावराचं दूध पातळच येणार."

"तू तुझे तारे बघ बाई. दूध मला कळतं."

बीड जिल्ह्यात नेकनूरकडच्या एका गावातल्या सहकारी दूध संस्थेची ही खोली. २०१९चा मे, दुष्काळाचा. त्रिंबकआबा संस्थेचे सचिव. अंजना त्यांची मुलगी, पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करणारी. आठवड्यापूर्वी आबांनी भेसळीचा शेरा मारून बायनाबाईचं सभासदत्व रद्द केलं. त्याच दिवशी संस्थेची चारा छावणी सुरू झाली, फक्त सभासदांच्या जनावरांसाठी. बायनाबाई सकाळपासून पायरीवर बसून होती.

अंजना याच खोलीत लहानाची मोठी झाली. नमुने ढवळायची, आबांना आकडे वाचून दाखवायची. मापात बसत नाही ते बाजूला काढायचं, ही शिस्त तिने इथूनच पुण्याला नेली.

"त्याच शिस्तीनं माझा घात केला, आबा. आकाशगंगेच्या चकतीबाहेर लई जुने तारे असत्यात. एका सेकंदात बीड ते पुणे जातील असे पळत्यात. प्रत्येकाचा उजेड फोडून बघायचा, त्यात लोखंड किती ते मोजायचं. एकात लोखंड जवळजवळ निघंनाच. मी शेरा मारला, 'मोजणी सदोष'. यादीतून काढला."

"बरं मग?"

"मापन बरोबर होतं. तो जन्मला तवा जगात लोखंडच तयार झालं नव्हतं. त्याला मिळालंच न्हाई, तर तो दाखवील कुठून? दोन वर्षांनी परदेशातल्या लोकांनी तो परत मोजला. शोध त्यांच्या नावावर. माझ्या हातात माझाच शेरा."

आबांनी लॅक्टोमीटर पुसून बाजूला ठेवला. मग रजिस्टर उघडून त्यांनी शेऱ्यावर काट मारली.

"बायनाबाई, म्हैस छावणीत आणून बांधा. आठ दिस चारा खाऊ द्या, मग मी परत मोजतो."

बायनाबाई उठली. पदराची गाठ सोडून तिने टेबलावर म्हशीच्या कानातला पिवळा बिल्ला ठेवला. कडेला रक्त वाळलेलं होतं.

"पहाटं पडली. उठलीच न्हाई."

"अगं मावशी," अंजना म्हणाली, "मग सकाळपासून बोलली कावून न्हाईस?"

बायनाबाईने दुधाची रिकामी किटली उचलली आणि ती उन्हात चालायला लागली.