पडदे ओढलेली बस

दवाखान्याच्या स्टोअरमध्ये माल उतरवून घेणं हे माझं काम. खोक्यावर काय छापलंय ते वाचायचं, मग खोका उघडून आत काय आहे ते बघायचं. भाचीची पीयूसी, म्हणजे बारावी, झाली तेव्हा कॉलेजच्या बाबतीतही मी तेच ठरवलं होतं. प्रयोगशाळा, शिक्षक, मुलींचं बाथरूम, सगळं बघायचं आणि मगच प्रवेश.

पण हुलसूरकडच्या आमच्या खेड्यांत कॉलेज बघायला कुणी जात नाही. बस बघतात. ज्या कॉलेजची बस गावात येते ते चांगलं. ज्याची येत नाही ते कितीही जुनं असो, मुलीसाठी नाही. शहराजवळ नौबादच्या बाजूला निघालेल्या नव्या कॉलेजनं हे बरोबर हेरलं होतं. परीक्षा संपल्या, सुट्ट्या लागल्या, आणि त्यांची पांढरीशुभ्र बस रोज गावात यायला लागली.

मी बहिणीकडे गेले त्या सकाळी ती पारापाशी उभी होती. इंजिन चालू, काचांचे निळे पडदे ओढलेले. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. मी दारातून डोकावले. ड्रायव्हर सोडला तर आत चिटपाखरू नव्हतं. सीटांवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.

"अण्णा, सुट्टीत कुणाला न्यायलाव?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"कुणालाच न्हाई, अक्का. नुसतं फिरवा म्हणलेत. आडमिशन होईपातूर."

"अन् नंतर?"

तो आरशात बघून केस सारखे करत राहिला. "नंतरचं मला कामून विचारायलाव?"

मी तशीच बहिणीच्या घरी गेले आणि दाजींना हे सांगितलं. ते हसले.

"सुट्टी हाय तर रिकामीच असनार की! मॅडम, तुमी दवाखान्यात गोळ्या मोजा."

"कॉलेज तरी आतून बघून या, दाजी."

"पोरगी दारात चढनार, दारात उतरनार. आनि काय बघायचं?"

पोरगी याच बसनं कॉलेजला जाणार, असं त्यांनी साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. शिकायची परवानगीही एकाच अटीवर होती, कॉलेजच्या बसनं जायचं आणि त्याच बसनं यायचं. हॉस्टेल नाही, सरकारी बस नाही, शहरात माझ्याकडे राहणंही नाही.

भाचीनं मला परसात ओढलं. "मावशी, बस येनार न्हाई असं अप्पांना म्हणू नको. बस न्हाई तर कॉलेज न्हाई."

"मार्क्स कार्ड दे माझ्याजवळ. दुसरीकडे बघू."

"काल बसमधनं कॉलेजचे साहेब आलते. मार्क्स कार्ड, टीसी, समदं ओरिजिनल घेऊन गेले."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. फाटकावर त्याच बसचा मोठा फोटो होता, खिडक्याखिडक्यांतून मुली हसत होत्या. प्रयोगशाळेला कुलूप होतं. कारकुनाकडे भाचीचे कागद मागितले, तर म्हणाला, आता मिळणार नाहीत. बसचं विचारलं, तर म्हणाला, रूट अजून ठरायचेत.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी मी बहिणीला फोन लावला.

"पारापाशी हावोत," ती म्हणाली. "शेजारच्या गावच्या पोरीबी आल्यात."

"बस आली का?"

"अजून न्हाई. समदे रस्त्याकडंच बघायलेत." मी फोन कानाला धरून राहिले. बऱ्याच वेळानं दाजींचा आवाज ऐकू आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"पिशवी आईजवळ दे. घरला चल."