एकशे अठरा दारं

"खोटं वजन उचललं की हाताला कळतं, खोटा माणूस मात्र शेवटपर्यंत कळत नाही," असं शिक्केमास्तर एकदा म्हणाले होते, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच्याच तळहाताकडे बघत बसले होते.

शिक्केमास्तर हे त्यांचं नाव नव्हे. वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं काढली. दुकानांतले तराजू तपासायचे, बरोबर निघाले तर शिशाच्या गोळीवर शिक्का मारायचा, नाही निघाले तर जप्त करून पावती द्यायची. त्यांच्याकडे प्रमाण वजनांची एक पेटी असे. आत मखमल, मखमलीत पितळी वजनं. ती चिमट्यानंच उचलायची, कारण बोटाचा घामसुद्धा वजनाला चढतो. चौतीस वर्षांत मास्तरांनी त्यांना बोट लावलं नाही. बायको म्हणायची, "लग्नात माझा हात धरायला सांडशी मागतात की काय, अशी मला धास्ती होती."

ते जन्मले ते गाव नकाशात आता निळ्या रंगाचं आहे. धरण झालं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि त्यांची ताई सोळाची. पाणी हळूहळू चढलं. आधी खालची आळी गेली, मग वरची. माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. त्या गावाचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. आईवडील गेल्यावर ते गाव फक्त दोन डोक्यांत उरलं, आणि त्यांतलं एक डोकं बसनं तीन तास लांब राहत होतं.

निवृत्तीनंतर मास्तरांनी दुकानातून एक खेळ विकत घेतला. संगणकावर गाव बांधायचा खेळ. चकचकीत खोकं, आत चकती, आणि एका कार्डावर छापलेला सोळा अक्षरांचा कोड.

"नातवाला का?" दुकानदारानं विचारलं.

"मला."

कचेरीतला एक जुना सहकारी बरोबर होता. तो म्हणाला, "अहो, हे सगळं फुकट उतरवता येतं. पैसे कशाला घालवता?"

"मग शिक्का कशावर मारत होतो आपण?" मास्तर म्हणाले. सहकाऱ्यानं विषय बदलला.

सहा वर्षं ते बांधत होते. देवडीच्या पायरीची उंची त्यांना गुडघ्यात आठवत होती. गल्लीची रुंदी दोन्ही हात पसरल्यावर बोटांना लागणाऱ्या भिंतींवरून काढली. पहिलं बांधलं ते स्वतःचं घर, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. अशी एकशे अठरा दारं झाली. दर आठवड्याला ताईचा फोन येई.

"बारक्या, लोहाराच्या दाराची कडी डावीकडे होती. त्यात माझं बोट चेमटलं होतं. माझ्यावर विश्वास नसेल तर बोटाला विचार."

मास्तर कडी काढून डावीकडे लावत.

एकच गोष्ट राहिली होती, घरातलं स्वयंपाकघर. भिंती उभ्या होत्या, ओटा होता, पण खिडकी नव्हती. मास्तरांना ती पूर्वेच्या भिंतीत आठवत होती आणि ताईला उत्तरेच्या. फोनवर वाद मिटेना. शेवटी ताई म्हणाली, "मी येते तेव्हा लावू. तोवर भिंतीला हात लावू नकोस." गुडघ्यांमुळे तिचं येणं लांबत होतं. मास्तरांनी चारही भिंती कोऱ्या ठेवल्या.

आता या गावाला एक खोड पहिल्यापासून होती. दर दहा मिनिटांनी ते श्वास रोखायचं. चालणारी माणसं एक पाय उचलून थांबायची, झाडं थांबायची, धूर हवेत टांगलेला राहायचा, आणि तीन-चार सेकंदांनी सगळं पुन्हा चालू व्हायचं. मास्तरांना ते खटकत होतं. या वर्षी त्यांनी ठरवलं की ताई यायच्या आत हा दोष काढायचा.

तराजू तपासायची एक रीत असते. काटा चुकतोय असं वाटलं की दोन्ही पारड्यांतली वजनं एकमेकांच्या जागी ठेवायची. चूक वजनाबरोबर सरकली तर दोष वजनात, जागेवरच राहिली तर दोष दांडीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. मास्तरांनी संगणकाला हीच रीत लावली. एक दिवस मेमरीची पट्टी बदलली. मग जुनी परत बसवून चित्राचं कार्ड बदललं. मग ते परत बसवून हार्ड डिस्क. प्रत्येक वेळी खेळानं कोड मागितला, प्रत्येक वेळी मास्तरांनी तो कार्डावरून बघून, अक्षर अक्षर जुळवून घातला. पाचव्या वेळी खेळानं कोड मागितला नाही. काहीच म्हणाला नाही. गाव मुकाट्यानं उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गावाच्या कडेनं फिरत होते, तेव्हा शेवटच्या घराला दार नव्हतं. मोडलं नव्हतं, बंदही नव्हतं. जिथं दार होतं तिथं भिंत होती, आजूबाजूच्या भिंतीसारखीच, त्याच रंगाची, त्याच पोपड्यांची. भिंतीसमोर त्या घरातला माणूस उभा होता. त्याचं तोंड भिंतीकडे होतं आणि हात दाराला लावावा तसा वर होता.

मास्तरांना वाटलं, आपणच हे दार लावायचं विसरलो. त्यांनी गाव बांधताना रोज लिहिलेली वही काढली. वहीत दार होतं, तारखेसकट. ते लावायला गेले, तर पडद्यावरचं बांधकामाचं चाक, ज्यातून दारं-खिडक्या निवडायच्या, ते फिरेना.

संध्याकाळपर्यंत सहा दारं गेली होती.

"अहो, चहा दोनदा गरम केला," बायको म्हणाली. "तुमच्या गावात कुणी मेलंय का, की असं बसलाय?"

"मेलं नाही कुणी. घरात जाता येत नाहीये त्यांना."

"मग आपल्याकडे पाठवा. एरवी कोण येतंय आपल्याकडे?" ती हसली. मग पडद्यावर बघितलं आणि तिचं हसणं विरलं. भिंतींकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या सहा जणांपैकी एकीच्या पाठीवर वेणी होती. "हिला तरी बसवा हो कुठंतरी," ती म्हणाली आणि आत गेली.

दारं रोज जात राहिली. संगणक बंद ठेवला तरी जात. उघडला की तेवढी कमी. चौथ्या दिवशी वही लावून बघताना मास्तरांच्या लक्षात आलं की ती वाटेल तशी जात नाहीत. सगळ्यांत शेवटी बांधलेलं दार पहिलं गेलं होतं, त्याच्या आधीचं त्यानंतर. कुणीतरी त्यांची सहा वर्षं उलटी वाचत होतं. या हिशेबानं त्यांच्या स्वतःच्या घराचं दार सगळ्यांत शेवटी जाणार होतं. त्यांनी दिवस काढला. रविवार येत होता, आणि ताईनं बसचं आरक्षण केलं होतं तेही त्याच रविवारचं.

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. कचेरीच्या पद्धतीनं विषय, संदर्भ, निरीक्षणं आणि सोबत पावतीची प्रत. दोन मिनिटांत उत्तर आलं. एवढ्या लवकर कुणी ते वाचणं शक्यच नव्हतं. 'आमच्या नोंदींनुसार आपली प्रत अधिकृत नाही. कृपया अधिकृत प्रत विकत घ्या.' मास्तर उठले आणि दुकानातून दुसरं खोकं विकत घेऊन आले. नव्या कोडनं खेळ उघडला, पण आत नुसतं माळरान होतं. जुनं गाव जुन्या कोडला बांधलेलं होतं. नवा खेळ त्याला ओळखत नव्हता.

शेवटी शुक्रवारी ते संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईकडे गेले. कोपऱ्यावर तिचं एका खोलीचं दुकान होतं, भिंतीला उघडे संगणक टांगलेले. तिनं मास्तरांच्या वहीतल्या, कुठला भाग कधी बदलला त्या नोंदी वाचल्या. वाचता वाचता तिला हसू आलं, मग ते मावळलं.

"काका, इतकं नीटनेटकं तर चोरसुद्धा करत नाही."

"म्हणजे?"

"तुमचा कोड चारच संगणकांवर चालतो. तुम्ही एकेक भाग बदलत गेलात, त्याला दर वेळी नवा संगणक वाटला. पाचव्या वेळी त्याची खात्री पटली की हा माणूस प्रती काढून वाटत सुटलाय."

"संगणक एकच आहे. माझ्या टेबलावर आहे."

"ते तुम्हाला दिसतं. त्याला डोळे नाहीत, तो नुसते भागांचे नंबर बघतो."

"मग तसं सांगायचं," मास्तरांचा आवाज चढला. "मी जप्ती केली की पावती देत असे. त्यावर कारण लिहीत असे."

"चोराला कळूच द्यायचं नाही, हीच त्यातली मेख आहे. खेळ बंद पाडला तर चोर दुसरी वाट काढतो. म्हणून हळूहळू नासवायचा. माणसाला वाटलं पाहिजे, आपलंच काहीतरी चुकतंय."

"मला तसंच वाटलं," मास्तर म्हणाले. "आणि ते मधेमधे थांबणं?"

"तीच तपासणी. दर दहा मिनिटांनी तो तुमची झडती घेतो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

ज्या दोषाचं मूळ शोधत त्यांनी सगळं उलटंपालटं केलं होतं, तो दोष म्हणजे पहारा होता. मास्तर स्टुलावर बसले.

बाई म्हणाली, "फुकटातली प्रत आहे माझ्याकडे. त्यातून हा सगळा पहारा काढून टाकलाय. तुमच्या गावाची फाइल पेनड्राइव्हवर घालून आणा, दहा मिनिटांत सगळी दारं परत. ती गेलेली नाहीत, झाकलीयत."

"त्या प्रतीत गाव थांबत नाही?"

"कशाला थांबेल? झडती घेणारंच नाही कुणी."

"म्हणजे ज्यांनी चोरला, त्यांचं गाव धड आहे."

"हो."

"आणि मी?"

"तुम्ही विकत घेतलात ना, काका," बाई म्हणाली, जणू त्यातच सगळं आलं.

मास्तर उठले. "नको," ते म्हणाले. बाईनं खांदे उडवले. "रविवारीही असते मी. मन झालं तर या."

घरी येऊन त्यांनी गावाची फाइल पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवली. बायकोनं विचारलं तर म्हणाले, "नुसती जपून ठेवली. कुठं नेणार नाहीये."

रविवारी ताई आली ती दारातूनच बोलत. "बारक्या, केवढा पिकलास रे! आणि हिला काही खाऊ घालतोस की तोलून देतोस?"

"तोलून, ताई. आणि कमीच भरतं," बायको म्हणाली. दोघी हसल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आधी बघून घे. मग बोलू."

ताईला बाणांची बटणं शिकवायला वेळ लागला नाही. ती आत शिरली. गल्लीत दोन्ही बाजूंना कोऱ्या भिंती होत्या. प्रत्येक भिंतीसमोर एकेक माणूस, पाठमोरा, हात वर केलेला. कुठंही आवाज नव्हता.

"हा लोहार ना रे?"

"हो."

"असा का उभा?"

"दार शोधतोय."

"सगळ्यांच्याच पाठी दाखवायला बोलावलंस मला?" ती म्हणाली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. ती भराभर बटणं दाबत वर गेली. गावात एकच दार उरलं होतं. ते उघडं होतं. ती पडवीतून, माजघरातून नेमकी वळणं घेत स्वयंपाकघरात पोचली. वाट कुणाला विचारावी लागली नाही.

"इथं," तिनं पडद्याच्या काचेवर बोट ठेवलं. "ओट्याच्या वर वीतभर. बाहेरून येताना खिडकीतून आधी आईची हनुवटी दिसायची, मग सगळी आई. हीच, उत्तरेची भिंत. चुकलास तू."

मास्तर तिच्या बोटाकडे बघत म्हणाले, "चुकलो." आणि खरंच आता त्यांना ती खिडकी तिथंच आठवली. त्यांनी बांधकामाचं चाक दाबून पाहिलं. फिरलं नाही.

"लाव की."

"लावता येत नाहीये, ताई."

तेवढ्यात गावानं श्वास रोखला. ओट्यावरची वाफ थांबली. ताईचं बोट काचेवर तसंच. एक, दोन, तीन, चार. वाफ पुन्हा हलली. ताई बाहेर पडायला वळली, तर आली ती चौकटच नव्हती, समोर भिंत होती. ती डावीकडे वळली, भिंत. उजवीकडे भिंत. ती एक पूर्ण गिरकी फिरली, सावकाश, प्रत्येक भिंतीपाशी थांबत. मग तिनं बटणांवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"ताई, पानं घेतलीत," बायकोनं आतून हाक मारली. "चला, निवतंय सगळं."

ताई हलली नाही.

"ताई, चल," मास्तर म्हणाले.

"कुठून येऊ?" ती म्हणाली. "दार कुठंय?"

बायको दाराशी येऊन उभी राहिली. तिला वाटलं, थट्टा चाललीय. "ताई, एवढं मोठं दार आहे की. मी त्यातच उभी आहे."

ताईनं तिच्याकडे बघितलं, त्या चौकटीकडे बघितलं, पण भिंतीकडे बघावं तसं. मग पुन्हा पडद्याकडे वळली. "जेवा तुम्ही," ती शांतपणे म्हणाली. "मी आहे इथं. आई येईल एवढ्यात."

"ताई, थट्टा पुरे," मास्तर म्हणाले.

 ताईनं उजवा हात उचलला, हवेत दाराच्या उंचीवर धरला, आणि तो तिथंच राहिला.

मास्तरांनी तिच्या खांद्याला हात लावला. खांदा गरम होता, हाडं हाताला लागत होती. ती वळली नाही. त्यांनी संगणक बंद केला. काळ्या काचेत ताईचा चेहरा दिसायला लागला, पण ती त्याच जागी बघत राहिली आणि हात खाली आला नाही.

"अहो," बायकोचा आवाज बारीक झाला होता, "काहीतरी करा ना."

मास्तर कपाटापाशी गेले. पेनड्राइव्ह घेतला, मुठीत धरला. उंबऱ्यात चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालात?"

ते बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या त्या दुकानाकडे चालू लागले.